फोनने घेतलेलं इम्प्लांटचं माप : लॅबच्या टेबलावरून

"मॅडम, इम्प्लांटचं माप मोबाइलवर घेऊन पाठवलं तर चालेल का?"

हा प्रश्न हल्ली कुणी ना कुणी डॉक्टर विचारतातच. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. कोल्हापुरात माझी डेंटल लॅब आहे; डॉक्टर तोंडाचं माप, म्हणजे ठसा, पाठवतात आणि त्यावरून आम्ही वरचे दात करतो. शहरातल्या दवाखान्यांतून आमचा मुलगा गाडीवरून मापं गोळा करतो. गडहिंग्लज, आजरा, निपाणीकडची मापं एसटीच्या पार्सलने येतात. यातल्या बहुतेक डॉक्टरांकडे तोंडात फिरवायचा स्कॅनर नाही. चांगला स्कॅनर अजूनही लाखांतच मिळतो, आणि महिन्याला मोजक्या इम्प्लांटच्या केसेस करणाऱ्या माणसाने तो कसा परवडवायचा? फोन मात्र प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं नीट उत्तर लिहायला बसले आहे.

आधी हे सांगायला हवं की इम्प्लांटच्या मापाला आम्ही इतके का घाबरतो. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, आणि त्याच्यामुळे दात चावताना किंचित दबतो, किंचित हलतो. कॅप थोडी इकडेतिकडे झाली तर दात सांभाळून घेतो. इम्प्लांटला तो थर नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियम बसवून काम करताना पाहिलं की हाड त्या धातूला धरून बसतं, सुटता सुटत नाही. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. आजचं सगळं इम्प्लांटशास्त्र त्या पकडीवर उभं आहे, आणि आमची अडचणही तिथूनच सुरू होते. हाडाला धरलेला स्क्रू चावताना काही मायक्रॉनच दबतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर ही हालचाल किती कमी, ते लक्षात येईल.

एका इम्प्लांटवर एकच कॅप असेल तर लहानसा फरक शेजारच्या दाताशी जुळवून घेता येतो. पण दात नसलेल्या जबड्यात चार किंवा सहा इम्प्लांट आहेत आणि त्या सगळ्यांवर मिळून एकच फ्रेम, म्हणजे सगळे दात धरणारा एकसंध सांगाडा, बसवायची आहे, तेव्हा पळवाट राहत नाही. एक जागा चुकली तरी फ्रेम ताणून बसते. फ्रेम धरणारा बारीक स्क्रू घट्ट होतो, डॉक्टरांना वाटतं बसली, आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो, तुटतो, किंवा वरचं सिरॅमिक टवका होऊन उडतं. रुग्णाने आयुष्यभराची बचत त्यात घातलेली असते. म्हणून मापाच्या बाबतीत मी कुणाचीच भीड ठेवत नाही.

जुनी पद्धत म्हणजे ओपन ट्रे. प्रत्येक इम्प्लांटवर इम्प्रेशन कोपिंग, म्हणजे त्याची जागा टिपणारा छोटा खांब, स्क्रूने बसवायचं, ट्रेला त्या जागी खिडक्या पाडायच्या, खिडकीवर पातळ मेण लावायचं. मटेरियल भरून ट्रे तोंडात दाबला की स्क्रूची डोकी मेणातून वर येतात आणि बोटाला लागतात. मटेरियल घट्ट झालं की वरूनच स्क्रू सोडायचे आणि कोपिंगसकट ट्रे बाहेर काढायचा. काळजी घेणारे डॉक्टर त्याआधी सगळी कोपिंग पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने) एकमेकांना जोडतात. रेझिन आवळतं, म्हणून ते मध्ये कापतात आणि बारीक फटीत पुन्हा थोडं रेझिन भरून सांधतात. एवढं करूनही पुढे आमच्याकडे ॲनालॉग (इम्प्लांटची नक्कल) जोडताना हात थोडा फिरला, मॉडेलचा स्टोन (कडक प्लास्टर) फुगला, तर फरक शिरतोच. शिवाय मे महिन्यात एसटीच्या टपावरून आलेलं खोकं उघडताना मला धाकधूक असतेच. सिलिकॉनचं माप टिकतं, पण डब्यात कोणीतरी ओला कापूस ठेवून पाठवलेलं अल्जिनेटचं, म्हणजे पटकन आकार बदलणाऱ्या मटेरियलचं, माप आलं, तर त्यावर इम्प्लांटची फ्रेम करायची नाही, एवढाच मार्ग.

तोंडातला स्कॅनर यातली बरीच कटकट टाळतो. इम्प्लांटवर स्कॅन बॉडी (त्याची जागा आणि दिशा दाखवणारा छोटा खांब) बसवायची, तिच्यावरून स्कॅनर फिरवायचा, फाइल ईमेलने आमच्याकडे. एकदोन दातांसाठी तो उत्तमच. पण त्याला एका वेळी दिसतो नखाएवढा तुकडा. पुढचा तुकडा आधीच्यावर जुळवत जुळवत तो पूर्ण जबडा तयार करतो. फरशी बसवणारा प्रत्येक फरशीला सूतभर चुकला की पलीकडच्या भिंतीशी काय होतं, ते आपण पाहिलंय. दात असलेल्या जबड्यात स्कॅनरला ओळखीच्या खुणा मिळतात. बिनदाताच्या गुळगुळीत, ओल्या हिरडीवर त्या नसतात, आणि डावीकडच्या शेवटच्या इम्प्लांटपासून उजवीकडच्या शेवटच्यापर्यंत जाताना चूक साठत जाते.

इथे फोटोग्रॅमेट्री कामी येते. फोटोवरून मोजमाप. ही कल्पना दंतवैद्यकातली नाही. १८५८ साली जर्मनीत मायडेनबाउअर नावाचे तरुण स्थापत्यतज्ज्ञ वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचले. भिंतीवर चढण्यापेक्षा फोटोवरूनच मोजता येईल का, हा विचार त्यांनी त्यातून धरला आणि पुढे आयुष्यभर त्यावर काम केलं. एकच वस्तू दोनचार कोनांतून टिपली, कॅमेऱ्याचे गुणदोष माहीत असले, तर तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूची जागा गणिताने काढता येते. १९९० च्या दशकात स्वीडनमध्येच टॉर्स्टन येम्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे इम्प्लांटवर करून पाहिलं. आता त्यासाठी खास कॅमेरे मिळतात. इम्प्लांटवर खुणांचे खांब बसवायचे, त्यांवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ठरावीक रचना असते, आणि कॅमेरा एकाच चौकटीत अनेक खांब पाहतो. नखाएवढे तुकडे जोडत जायचं नाही, त्यामुळे साठत जाणारी चूक फार कमी. पण हे कॅमेरेही महागच.

मग मनात येतं: कॅमेरा, ठिपके आणि गणित एवढंच लागतं, तर फोनने काय घोडं मारलंय?

उत्तर देण्याआधी एक गोंधळ सोडवते, कारण "फोनचा स्कॅन" म्हणून माझ्याकडे तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, वस्तू किती लांब आहे ते मोजणाऱ्या फोनमधल्या सेन्सरवर चालणारी ॲप. आयफोनमध्ये २०१७ पासून चेहरा ओळखणारा सेन्सर आहे. तो चेहऱ्यावर ३०,००० हून जास्त अदृश्य ठिपके टाकतो. २०२० पासून प्रो मॉडेलांत लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) आला, तो खोली, फर्निचर मोजायला. चेहऱ्याचा स्कॅन हसू ठरवायला, ओठांची रेषा पाहायला फार उपयोगी. मी तो आवर्जून मागते. पण त्याची चूक मिलिमीटरच्या हिशेबात असते, आणि आम्हाला मायक्रॉन हवेत. त्यावर फ्रेम करायची गोष्टच काढू नये.

दुसरी, गोल फिरून पुष्कळ फोटो काढायचे आणि ॲपने त्यातून मॉडेल करायचं. ही पद्धत खोटी नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या गटाने अशाच साध्या फोनच्या फोटोंवरून कॅन्सरने चेहऱ्याचा भाग गेलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम अवयव तयार करायची रीत २०१६ मध्ये मांडली, आणि मला ते काम फार मोलाचं वाटतं. कानाचा आकार अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी माणसाचं भलंच होतं. इम्प्लांटचं तसं नाही. शिवाय अशा मॉडेलला स्वतःची मोजपट्टी नसते. ॲपला आकार कळतो, खरा मोठेपणा कळत नाही. तो आपण द्यायचा. आणि ॲप कडा गुळगुळीत करून टाकतं. एका डॉक्टरांनी असं मॉडेल पाठवलं होतं. दिसायला इतकं सुंदर की आमची मुलं टेबलाभोवती जमली. स्कॅन बॉडीचा सपाट पैलू मात्र त्यात वितळलेल्या साबणासारखा झाला होता, आणि इम्प्लांट कुठल्या दिशेने फिरलंय ते त्या पैलूवरूनच कळतं. ती केस मी ट्रेच्या मापावर केली.

तिसरी गोष्ट, जिला मी फोनचं माप म्हणायला तयार आहे. इम्प्लांटवर कोड असलेले मार्कर, म्हणजे तसेच ठिपक्यांचे खांब, बसवायचे, प्रत्येक मार्करची मापं आधीच मोजून ठेवलेली, फोनचा कॅमेरा कॅलिब्रेट केलेला (त्याचे गुणदोष आधीच मोजलेले), आणि सॉफ्टवेअर तोंडातलं बाकी काहीही न पाहता फक्त ते ठिपके शोधणार. इथे फोन आकार ओळखत नाही, ठिपक्यांचे मध्य मोजतो. गोल ठिपक्याचा मध्य काढायला त्याच्या कडेवरचे पुष्कळ पिक्सेल मदतीला येतात, म्हणून तो एका पिक्सेलच्याही अंशापर्यंत काढता येतो. मोजपट्टी मार्करमध्येच असते. ओठ हलले, जीभ आली, तरी फरक पडत नाही. रुग्णाने डोकं हलवलं तरी चालतं, कारण सगळे मार्कर एकाच हाडावर आहेत, एकमेकांपासून हलत नाहीत.

कागदावर हे छान जमतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो लांबीला साधारण ४००० पिक्सेल असतो. १० सेंटिमीटरचा जबडा त्यात काठोकाठ बसला तर एका पिक्सेलला २५ मायक्रॉन येतात. पण फोनचा मुख्य कॅमेरा रुंद पाहतो. १० सेंटिमीटरने चौकट भरायला इतकं जवळ जावं लागतं की तिथे त्याला फोकसच करता येत नाही. वीत-दीड वीत मागे सरकलं की जबडा फोटोच्या मधल्या एक तृतीयांशात येतो, आणि पिक्सेलमागे ७५ मायक्रॉन होतात. टेलिफोटो लेन्स वापरावी तर तिला आणखी लांबून फोकस हवा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरेच नवे फोन जवळ गेलात की आपणहून मॅक्रोसाठी अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात. स्क्रीनवर फारसं काही जाणवत नाही, पण कॅलिब्रेशन एका कॅमेऱ्याचं आणि फोटो दुसऱ्याचा, अशी गत होते.

फोकस बदलताना लेन्स पुढेमागे सरकते आणि मोजमाप बदलतं, म्हणून फोकस लॉक करायला हवा. हात थरथरला तरी फोटो स्थिर यावा म्हणून फोन लेन्स किंवा सेन्सर आतल्या आत हलवतो; फोटोग्राफीला वरदान, मोजणीला अडथळा. त्यात फोन स्वतःच्या मनाने कडा धारदार करतो, चारपाच फोटो एकत्र करून एक करतो. मोजायला हवा तो कच्चा फोटो, नटवलेला नव्हे.

आमच्या लॅबमध्ये हे करून पाहिलं आहे. चार ॲनालॉग असलेलं स्टोनचं मॉडेल घेतलं, त्याचा आमच्या टेबलावरच्या स्कॅनरने स्कॅन केला आणि तोच खरा धरला. मग ॲनालॉगवर ठिपके चिकटवलेले सिलिंडर बसवून फोनने फोटो काढले आणि संगणकावर एकावर एक ठेवून पाहिलं. शेजारशेजारचे खांब बऱ्यापैकी जुळत होते. गंमत पुढे आहे. सगळे फोटो समोरून काढले की आडवं अंतर ठीक येतं, पुढचं-मागचं चुकतं. फरक रंगाने दाखवणाऱ्या नकाशावर मागचे दोन खांब लालेलाल. डावीउजवीकडून, वरून, तिरके फोटो घातले की लाल विरतं. म्हणजे फोटोंची संख्या वाढवून फार उपयोग नाही, कोन वाढवायला हवेत.

आणि कोन नेमके तोंडात मिळत नाहीत. टेबलावरच्या मॉडेलभोवती मी कुठूनही फोन धरू शकते. रुग्णाचं तोंड तीन बोटं उघडतं, बाजूला गाल आहेत, मागचे इम्प्लांट गालाआड जातात. रिट्रॅक्टर लावून, मार्कर आतल्या बाजूला झुकवून, थोडे उंच ठेवून हे काहीसं सुटतं. खालच्या जबड्यात आणखी एक गोष्ट आहे, जी डॉक्टर मंडळीही घाईत विसरतात. तोंड पूर्ण आ केलं की खालचा जबडा स्नायूंच्या ओढीने किंचित आत आवळतो, मागच्या दोन बाजूंमधलं अंतर कमी होतं. कुणात थोडं, कुणात चांगलंच. त्या अवस्थेत घेतलेलं माप अचूक असलं तरी ते उघड्या तोंडाचं माप, आणि चावायचं असतं मिटलेल्या तोंडाने. म्हणून मी डॉक्टरांना सांगते, फोटोला जागा मिळेल तेवढंच उघडू द्या, ताणून आ करायला लावू नका. ट्रेच्या मापालाही हेच लागू आहे.

ठिपक्यांवरून मला इम्प्लांट कुठे आहेत ते कळतं. हिरडी कुठे आहे, ते कळत नाही. फ्रेमखाली जीभ आणि ब्रश फिरेल एवढी जागा ठेवायची, ओठाला आधार द्यायचा, हे हिरडीशिवाय कसं करणार? तेव्हा हिरडीचं माप वेगळं घ्यावंच लागतं, साध्या सिलिकॉनने का होईना, आणि चावा, म्हणजे वरचा-खालचा जबडा मिटताना कसे जुळतात ते, वेगळा. ट्रे सुटला असं मानून कुणी फोन हातात घेऊ नये.

बाकी काहीही असो, एक अट मी कधी सोडत नाही, मग माप ट्रेचं असो, लाखांच्या स्कॅनरचं असो की फोनचं. जिग ट्राय. मापावरून आम्ही आधी एक जिग, म्हणजे सगळ्या इम्प्लांटना जोडणारी तपासणीची पट्टी, करून देतो, ती डॉक्टरांनी तोंडात बसवून पाहायची. एका टोकाचा एकच स्क्रू लावायचा आणि दुसऱ्या टोकाला काय होतं ते बघायचं. जिग वर उचलली गेली, फट दिसली, तर माप चुकलंय. हिरडीखाली डोळ्याला दिसत नाही, तिथे एक्सरे काढायचा. मग बाकीचे स्क्रू एकेक करून बोटाच्या जोराने. जिग बसली असेल तर स्क्रू सहज खाली जातो, टेकतो, आणि टेकल्यावर फार तर अर्धा फेरा घेतो. त्याहून जास्त फिरला तर तो फ्रेम ओढून खाली आणतोय, असं समजायचं. मला स्वतःला प्लास्टरची जिग आवडते. रेझिन वाकून सांभाळून घेतं, प्लास्टर वाकत नाही, ताण आला की सरळ तडकतं. डॉक्टरांचा फोन येतो, "जिगला चीर गेली." ज्यातून फ्रेम कोरतात त्या झिरकोनियाच्या डिस्कपेक्षा प्लास्टरला चीर गेलेली केव्हाही बरी. चीर गेलेल्या जागी जिग पूर्ण कापायची, तोंडातच पुन्हा सांधायची आणि माझ्याकडे पाठवायची. त्यावरून मी मॉडेल दुरुस्त करते.

फोनचं माप घेणाऱ्या डॉक्टरांनी जिग नको म्हटलं, तर मी फ्रेम मिल करत नाही, म्हणजे मशीनवर कोरायला घेत नाही. याच्यावरून एका ठिकाणचं काम आमच्याकडून गेलंही.

आता एकदोन दातांच्या केससाठी फोनचा विचार करणाऱ्यांना माझं स्पष्ट मत. नको. ट्रे आणि सिलिकॉनने ते काम स्वस्तात आणि खात्रीने होतं, शेजारचे दात, हिरडी, सगळं एकाच मापात येतं. फोनची मेहनत कारणी लागेल ती पूर्ण जबड्याच्या केसला, जिथे तोंडातला स्कॅनरही अडखळतो.

फोनचं माप जमेपर्यंत फोनने जे आजच उत्तम होतं, ते तरी करा. दाताचा रंग ठरवायची नमुना चकती दातालगत, त्याच उजेडात, त्याच पातळीत धरून फोटो. रुग्ण हसताना आणि बोलताना छोटा व्हिडिओ. जुनी कवळी घातलेली आणि काढलेली, दोन्ही. कोपिंग नीट टेकलंय ते दाखवणारा एक्सरे. आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आक्रसून टाकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला रुग्णाचं नाव देऊ नका, केस नंबर द्या. चेहऱ्याचे स्कॅन काम संपल्यावर आम्ही आमच्याकडून काढून टाकतो, तुम्हीही दवाखान्यातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ते पडू देऊ नका.

मार्करबद्दल थोडं. या पद्धतीची किंमत शेवटी मार्करवर येऊन ठेपते. फोन आहेच, पण खांब इम्प्लांटवर टेकतो ती बैठक अचूक हवी, तो उकळून, ऑटोक्लेव्हमधून काढून पुन्हा पुन्हा वापरता यायला हवा, ठिपके पुसले जाता कामा नयेत, आणि प्रत्येक नग मोजून त्याची नोंद हवी. बाहेरून मागवले की संच महाग पडतो. कोल्हापूर हे लेथ आणि कास्टिंगचं गाव. शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूमशी माझं बोलणं सुरू आहे, त्यांना मल्टियुनिट ॲबटमेंटच्या (इम्प्लांट आणि फ्रेम यांच्यामधल्या जोडभागाच्या) बैठकीचं ड्रॉइंग दिलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो टॉलरन्सचा, म्हणजे मापात चूक किती चालेल याचा. मी आकडा सांगितल्यावर मालक म्हणाले, "ताई, टर्निंग होईल, पण ठिपके लेझरने कोरायचे आणि नंतर प्रत्येक नग सीएमएमवर, अचूक मोजणीच्या मशीनवर, मोजायचा, खर्च तिथे आहे." पहिले चार नग टायटॅनियमचे करू असं ठरलंय. ते आले की त्याच स्टोनच्या मॉडेलवर बसवून, समोरून आणि तिरके, दोन्ही फोटो काढणार आहे. आकडे येतील तसे इथे लिहीन.